घराची दुखणीखुपणी : बाहेरचं प्लास्टर कधी करावं?

दरवर्षी जुलै लागला की माझ्या टपालाचा नूर पालटतो. उन्हाळ्यात लोक किचन ओटा आणि फॉल्स सीलिंगबद्दल विचारतात. पंधरा दिवस संततधार लागली की ओल, फुगवटे, पोपडे, लोणा (भिंतीवर फुलणारं पांढरं मीठ). यंदा बाहेरच्या प्लास्टरबद्दलची पत्रं एवढी आली की हा अंक तेवढ्यावरच काढायचं ठरवलं. नव्या वाचकांसाठी सांगते. सिव्हिलचा डिप्लोमा करून मी १९८४ मध्ये साइटवर उभी राहिले, आधी सातारा, मग पुणे. गवंड्यांनी मला पहिल्यांदा 'पोरगी' म्हटलं, मग 'मॅडम' आणि शेवटी 'मावशी'. प्लास्टरमधलं मला जे कळतं, ते निम्म्याहून जास्त त्यांच्या पहाडावर, म्हणजे परांचीवर, उभं राहून कळलेलं आहे.

ताई, आमचं घर संगमेश्वर तालुक्यात आहे. जांभ्याच्या चिऱ्यांचं, १९९१ साली बांधलेलं. पश्चिमेच्या भिंतीचं प्लास्टर जागोजागी सुटलंय, दक्षिणेचं निम्मं गेलंय. मुंबईचे दादा म्हणतात, गणपतीच्या आधी उरकून टाकू. वहिनी म्हणतात, मे महिन्यात सगळे गावी असतो, तेव्हाच करू. गवंडी म्हणतो, कधीपण करा. तुम्ही सांगा.

तिघांचंही ऐकू नका. गणपतीआधी करणं शक्यच नाही, त्यावर शाई खर्च करत नाही. गवंड्याच्या 'कधीपण'चा अर्थ 'मला काम हवंय' एवढाच असतो, त्यात त्याचाही दोष नाही. बोलायला हवं ते वहिनींच्या मे महिन्याबद्दल, कारण निम्मा महाराष्ट्र वहिनींसारखाच विचार करतो. पाऊस येण्याआधी भिंत तयार हवी म्हणून एप्रिल-मे. ऐकायला इतकं रास्त वाटतं की मीसुद्धा फसले होते.

१९९६ सालची गोष्ट. साताऱ्यातलं आमचं स्वतःचं घर. मी साइटवर इंजिनिअर म्हणवून घेत होते, तेव्हा वडिलांनी डोळे झाकून सगळं माझ्यावर सोपवलेलं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात पश्चिमेची भिंत धरली. विहीर तळाला गेलेली, टँकर तीन दिवसांआड. गवंडी चांगला होता, माल चांगला होता, हात सफाईदार होता. पाणी मात्र दिवसातून एकदा, संध्याकाळी, ते पण आईने भांडी धुऊन उरलेलं पिंपात जमवलं असेल तर. भिंत दिसायला इतकी सुरेख झाली की शेजारी बघायला आले. ऑगस्टमध्ये एकदा सहज खिळ्याने त्यावर रेघ ओढली आणि खिळ्यामागून रांगोळी गळावी तशी वाळू गळली. थापीच्या मुठीने ठोकलं तर मडकं वाजावं तसा आवाज. पुढच्या दिवाळीनंतर ती भिंत पुन्हा उतरवली. वडील काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

झालं काय होतं? सिमेंट वाळून घट्ट होतं असा आपला समज असतो. सिमेंट पाणी पिऊन घट्ट होतं. पाणी आणि सिमेंट यांची रासायनिक क्रिया आठवडाभर नेटाने आणि पुढे महिनाभर हळूहळू चालते, पाणी संपलं की ती तिथेच थांबते. मेमधलं ऊन आणि खाऱ्या वाऱ्याची झुळूक दोन्हीकडून ते पाणी ओढतं, आणि तिसरीकडून तुमचा जांभा. जांभ्यासारखा तहानलेला दगड नाही. खाणीतून काढताना सुरीने कापावा इतका मऊ, हवा लागली की कडक होतो, पण अंगभर भोकं तशीच राहतात. कोरड्या चिऱ्यावर माल, म्हणजे कालवलेलं सिमेंट-वाळू, मारला की थापी फिरेपर्यंत आतलं पाणी चिऱ्याने शोषून घेतलेलं असतं. म्हणजे पावसापासून वाचवायला केलेलं प्लास्टर पाऊस यायच्या आधीच मेलेलं असतं. जूनमध्ये झड येते, ती फक्त पोस्टमॉर्टेम करते.

तेव्हा तुमच्याकडे मोसम एकच: दिवाळी झाल्यापासून जानेवारी अखेरपर्यंत. हवामान खात्याच्या सरासरी तारखेप्रमाणे मुंबईतून पाऊस ८ ऑक्टोबरला परत फिरतो, तुमच्याकडून त्यानंतर. शिवाय परतीचा पाऊस दुपारी तीनला ढग जमवून चारला कोसळतो, ताजा थर धुऊन नेतो. म्हणून दसऱ्याला घाई करू नका. ऑक्टोबरात फक्त जुनं प्लास्टर उतरवा आणि भिंत तीन-चार आठवडे उघडी राहू द्या. चार महिन्यांची मुरलेली ओल तिला सोडू द्या. नोव्हेंबरच्या मध्यावर पहाड बांधा. विहिरीला पाणी भरपूर, पहाटे दव, ऊन तिरपं. सिमेंटला याहून चांगलं माहेर नाही.

आता बारीक गोष्टी, कारण मोसम बरोबर साधून काम वाईट केलेली घरंही मी पाहिली आहेत. चिऱ्यांमधले सांधे अर्धा इंच खोल उकरून घ्या, मालाला धरायला जागा मिळते. आदल्या संध्याकाळी भिंत भिजवा, सकाळी पुन्हा, आणि माल मारताना भिंत ओलसर हवी पण पाणी वाहतं नको. थर दोन. पहिला १२ ते १५ मिलिमीटरचा, तो गुळगुळीत न करता त्यावर आडव्या नागमोडी रेघा ओढायच्या. दोन-तीन दिवस पाणी मारून मग दुसरा, सहा-आठ मिलिमीटरचा, सँड फेसचा. वरचा थर आतल्यापेक्षा कडक नसावा. सिमेंट जास्त घातलं की मजबूत होईल असं वाटून लोक एकास तीन (एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू) करतात आणि सगळ्या भिंतीवर कोळ्याची जाळी उमटते. जांभ्यावर मी तर एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू असा माल सुचवीन. चुन्याने माल हाताला लोण्यासारखा येतो आणि बारीक तडे कमी जातात. खाडीची वाळू स्वस्तात मिळते म्हणून आणू नका. तिच्यातलं मीठ पुढची दहा वर्षं भिंतीवर पांढरं फुलत राहील.

सावलीचं एक तंत्र मला आमच्या मिस्त्रींनी शिकवलं. त्यांना सगळे मामा म्हणत. मामा सकाळी पश्चिमेच्या भिंतीवर असायचे आणि दुपारी पूर्वेच्या. कधी विचारलं तर म्हणायचे, "ऊन आपल्या मागं लागतंय, आपण सावलीच्या मागं लागायचं." थंडीत सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणून तुमच्या दक्षिणेच्या भिंतीला दिवसभर ऊन बसेल. तिच्यावर गोणपाट लोंबते सोडा आणि ते ओले ठेवा. पाणी किमान दहा दिवस, दिवसातून तीन-चार वेळा. पाईपचा फवारा दुसऱ्या दिवसापासून, हलक्या हाताने.

अंदाजासाठी: वीस मिलिमीटर जाडीला आणि एकास चार मालाला शंभर चौरस फुटांमागे साधारण दीड गोणी सिमेंट आणि सात घनफूट वाळू लागते. थोडी नासधूस धरा.

आणि आत्ता, गणपतीपुरतं? दारावरचे, पडवीवरचे लोंबणारे पोपडे काठीने पाडून टाका, पोरं खाली खेळतात. पश्चिमेला पूर्वी आजी बांधायची तसे माडाचे झाप बांधा. प्लास्टिकचा कागद लावलात तर भिंतीपासून चार बोटं लांब, खालून वारा जाईल असा. आणि आत्ताच, धो धो पाऊस असताना, घराला फेरी मारून पाणी कुठे शिरतं ते बघा. ही संधी नोव्हेंबरात नाही. पागोळी कुठे भिंतीवर आपटते, छज्जाखाली पाणी मागे फिरून भिंतीला कुठे लागतं, त्याच्या खुणा करा. मी एका घरात सगळ्या खुणा गेरूने केल्या होत्या. दोन दिवसांत पावसाने पुसून टाकल्या. ऑइल पेंट वापरा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

आम्ही नागपूरला राहतो. पस्तीस वर्षांपूर्वीचं स्वतःचं घर, बाहेरून प्लास्टरला भेगा पडल्या आहेत. मुलीचं लग्न मे महिन्यात आहे, त्याआधी घर नवं दिसावं अशी इच्छा. एप्रिलमध्ये काम काढलं तर चालेल का जी?

सर, लग्नाची घाई मी समजू शकते, पण एप्रिलमध्ये नागपुरात भिंत करायची म्हणजे तव्यावर भाकरी करायची. पारा चाळिशीपार, वारा सुका, आणि अशा उन्हात भिंतीला रोज चार वेळा पाणी पाजायला माणूस कुठून आणणार? माल कालवल्यावर अर्ध्या तासात संपवायचा असतो. त्या उन्हात तो पंधरा मिनिटांत घट्ट व्हायला लागतो, मग बिगारी वरून पाणी घालून पुन्हा कालवतो आणि तिथेच भिंतीची कंबर मोडते.

तुम्हाला सोयीचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. जानेवारीतल्या थंड रात्रींची भीती घालणारे भेटतील. आपल्याकडच्या थंडीत प्लास्टर सावकाश घट्ट होतं, बिघडत नाही. काम सकाळी दहानंतर सुरू करा आणि संध्याकाळी चारला थांबवा, एवढं पुरे. रंग मात्र प्लास्टर संपल्यापासून महिनाभराने. म्हणजे मार्चमध्ये रंग, एप्रिलमध्ये मांडवाची तयारी.

पण तुमच्या पत्रातली एक ओळ मी दोनदा वाचली. भेगा खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरप्या जातात, असं तुम्ही लिहिलंय. आणि उन्हाळ्यात रुंदावतात. सर, तुमच्याकडे काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाया उथळ असला की घर तिच्याबरोबर हलतं. तसं असेल तर नवं प्लास्टरही त्याच रेषेत फाटेल, तुम्ही कुठल्याही महिन्यात करा. आधी एक स्वस्त परीक्षा करा. काचेची बोटभर रुंदीची पट्टी भेगेवर आडवी ठेवून दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवा, तारीख लिहा. या पावसाळ्यापासून थंडीपर्यंत काच तडकली तर भिंत हलतेय. मग आधी पायाभोवती पाणी साचू न देणं, झाडाची मुळं बघणं आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवणं. काच शाबूत राहिली तर निश्चिंत मनाने प्लास्टर करा.

आणि दिवाळीनंतरही काम निघालं नाही, तर? जुन्या भिंतीला ब्रशने घासून, भेगा भरून, चांगला रंग द्या. लग्नात लोक नवरी बघतात. भिंत पुढच्या वर्षी.

पुण्यातल्या आमच्या चार मजली सोसायटीचं बाहेरचं प्लास्टर बदलायचंय. मी सेक्रेटरी आहे. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, "आमचा माल केमिकलवाला आहे, पाणी मारायला लागत नाही, कुठल्याही सीझनमध्ये होतं." कमिटीतले काही जण म्हणतात, मार्चएंडच्या आत पैसे खर्च करू. तुमचा सल्ला?

तुमचा मोसम आकाश ठरवत नाही, सभेची नोटीस ठरवते. सोसायटीला वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. तिच्यात ठराव झाला, मग कोटेशनं मागवायची, मग तिसऱ्या मजल्यावरचे काका आक्षेप घेणार, मग फेरकोटेशन. असं करत करत काम फेब्रुवारीत सुरू होतं आणि मेमध्ये भर उन्हात चौथा मजला चालू असतो. दरवर्षी तेच. कोटेशनं जुलै-ऑगस्टमध्येच मागवा, तुलनेचा तक्ता करून सभेत ठेवा आणि कामाची ऑर्डर सभेनंतर आठवड्याभरात द्या. दिवाळीला गवंडी-बिगारी गावी जातात, ते परत येईपर्यंत पहाड उभा असावा.

केमिकलबद्दल. पॉलिमर घातलेले तयार माल खरे आहेत, वाईट नाहीत. त्यांना पहिले एक-दोन दिवस ओल आणि मग वाळू देणं, अशी रीत असते, आणि ती त्या कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेली असते. कॉन्ट्रॅक्टरकडून ते पत्रक मागा. पत्रक मिळालं नाही आणि डब्यावर फक्त 'वॉटरप्रूफिंग' लिहिलेलं असेल, तर तो साध्या प्लास्टरमध्ये घालायचा द्राव आहे, आणि त्याने पाणी मारणं चुकत नाही. सीझन-बिझन काही नसतं असं म्हणणाऱ्याला एकच अट घाला: बिलातले दहा टक्के एक पावसाळा उलटल्यावर मिळतील, सगळ्या मजल्यांवर ठोकून बघितल्यावर. चेहरा बघा.

क्रश सँडबद्दलही, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूबद्दलही, विचारलंय तुम्ही. चालते. फक्त धुतलेली, प्लास्टरची वेगळी घ्या. काँक्रीटची नको, आणि दगडाची भुकटी जास्त असलेली तर मुळीच नको. पेल्यात मिठाचं पाणी घालून वाळू ढवळा, तासाभरात वर गाळाचा थर बसतो. तो वाळूच्या उंचीच्या बाराव्या भागापेक्षा जाड दिसला तर गाडी परत पाठवा.

इथेच एक गोष्ट, जी मोसमाशी थेट जोडलेली आहे आणि जिच्याबद्दल कोणी विचारत नाही. ओली वाळू फुगते. पावसानंतर आलेल्या वाळूचं एक घमेलं म्हणजे कोरड्या वाळूचं पाऊण घमेलं, बारीक वाळू असेल तर त्याहूनही कमी. म्हणजे गवंडी चार घमेली टाकतो आणि त्याला वाटतं एकास चार झालं, प्रत्यक्षात एकास तीन झालेलं असतं. सिमेंट जादा जातं, तडे जातात आणि शिव्या पावसाला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात वाळू ओली असेल तर मापात एक घमेलं वाढवायला सांगा आणि पाणी हात राखून घाला. मामा हे बोटांनी करायचे. मूठभर वाळू दाबायची, मूठ उघडायची, लाडू तसाच राहिला की म्हणायचे, "भिजलीया. वाढवा."

आमचं फोंड्याजवळ पणजोबांचं घर आहे, भिंती दगड-मातीच्या, प्लास्टर चुन्याचं. तीन वर्षांपूर्वी बाहेरून काही भाग सिमेंटने केला. तेव्हापासून ओल आतल्या बाजूला, कमरेच्या उंचीपर्यंत चढली आहे. पुन्हा चुना करावा म्हणतो. कधी?

तुमच्या भिंतीचा श्वास कोंडलाय. जुनी भिंत जमिनीतली ओल थोडी थोडी ओढणारच, तिच्या पोटात ओल रोखणारा थरच नसतो. चुना तिला ती ओल बाहेर सोडू द्यायचा. सिमेंटने बाहेरचं दार लावलं, ओल आत वळली. तेव्हा आधी सिमेंटचे ते तुकडे काढायचे, आणि हळू हाताने, नाहीतर त्यांच्याबरोबर दगडातली माती सुटून येईल. ब्रेकर लावू देऊ नका, छिन्नी-हातोडा.

चुन्याची गंमत ही, की त्याचा मोसम पावसाळ्यातच सुरू होतो. कळीचा चुना आणून आत्ताच पाण्यात भिजत घाला. विझताना तो खदखदतो, अंगावर उडतो, डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. तेव्हा चष्मा-हातमोजे घालून, पोराबाळांना दूर ठेवून. विझलेला चुना पाण्याखाली झाकून ठेवायचा, जितका मुरेल तितका लोण्यासारखा. काढायचा तो नोव्हेंबरात.

सिमेंटसारखा चुना पाणी पिऊन घट्ट होत नाही. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा दगड होतो, आणि त्याला त्यासाठी ओलसर हवा आणि वेळ, दोन्ही लागतं. म्हणून पातळ थर, प्रत्येक थरात आठवड्याभराचं अंतर, रोज हलका पाण्याचा हात. मेमध्ये केला तर वरून वाळतो, आत कच्चा राहतो आणि जूनच्या पहिल्या झडीत विरघळतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये केलात तर पावसाआधी त्याला पाच-सहा महिने मिळतात. वरून रंगही चुन्याचाच द्या, प्लास्टिक इमल्शन नको, नाहीतर सिमेंटची चूक डब्यातून पुन्हा कराल.

चुन्याचं काम जाणणारा गवंडी मिळणं हे मोसमापेक्षा कठीण. मिळाला तर त्याच्या तारखेप्रमाणे तुमची तारीख हलवा.

ताई, मी न्यू जर्सीला राहते. आमच्या घराला लाकडी सांगाड्यावर स्टको (इथलं बाहेरचं प्लास्टर) आहे आणि खिडकीखाली डाग पडलेत. इथला कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, एप्रिलपर्यंत हात लावणार नाही. बाबा साताऱ्याहून फोनवर म्हणतात, "प्लास्टर थंडीतच करायचं असतं." कोण बरोबर?

दोघंही, आपापल्या गावापुरते. बाबांना माझा नमस्कार सांगा, गाववाले आहेत. पण साताऱ्याची थंडी वेगळी आणि तुमची वेगळी. तुमच्याकडे रात्री पारा शून्याखाली जातो. ताज्या मालातलं पाणी गोठलं की साधारण नऊ टक्के फुगतं आणि आतून सगळं फोडून टाकतं. तिथे साधारण चार अंश सेल्सिअसच्या खाली स्टको करत नाहीत, गोठलेल्या पृष्ठभागावर तर नाहीच. ताडपत्रीचा तंबू बांधून आत हीटर लावून काही जण करतात, पण घरासाठी तो खर्च करायला मी सांगणार नाही. एप्रिलचा शेवट ते मे, नाहीतर सप्टेंबर ते ऑक्टोबरचा मध्य, हे तुमचे महिने. भर जुलैत आमच्या मेसारखीच तहान.

तुमचा स्टको आमच्या प्लास्टरसारखा विटेवर बसत नाही. आत प्लायवूड, त्यावर पाणी रोखणारा कागद, त्यावर लोखंडी जाळी, मग तीन थर मिळून सुमारे २२ मिलिमीटर. डाग खिडकीखालीच आहेत, म्हणजे माझा संशय स्टकोवर नाही, खिडकीभोवतीच्या पत्र्यावर आणि कागदावर आहे. काम काढण्याआधी तिथलं लाकूड किती ओलं आहे ते मीटरने तपासून घ्या. लाकूड कुजलं असेल तर आधी सुतार, मग गवंडी. एप्रिलपर्यंत थांबावं लागलं तरी तपासणी थंडीतही होते. आणि खिडकीच्या वरच्या कडेचा सीलंट फुटला असेल तर तेवढा कोरड्या, उबदार दिवशी बदलून घ्या.

पितृपक्षात पहाड बांधला तर चालतो का? सासूबाई नको म्हणतात.

पितृपक्ष भाद्रपदात, म्हणजे सप्टेंबर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. पाऊस अजून गेलेला नसतो. सासूबाईंचं कारण वेगळं आहे आणि माझं वेगळं, पण तारीख तीच निघते. त्या पंधरवड्यात वाळू ठरवा, गवंड्याला बयाणा द्या, जुन्या भिंतीवर ठोकून पोकळ जागा शोधा. ठोकायला काही हरकत नसावी, सासूबाईंना एकदा विचारून घ्या.